चादरमावशीच्या खोल्या

“पण विमानतळाला हात लावायला तुला सांगितलं कोणी?” मुलगा तिसऱ्यांदा म्हणाला. पहिल्यांदा त्याने विचारलं होतं, दुसऱ्यांदा तो ओरडला होता. आता तो आईकडे न बघता बायकोकडे बघून बोलत होता, म्हणजे तिने साक्षीला उभं राहावं.

सून टेबलापाशी लेकीच्या, ठकीच्या, कानामागच्या यंत्राची बॅटरी बदलत होती. तिने मान वर केली नाही. बारा वर्षांच्या संसारात एवढं तरी ती शिकली होती की आई आणि मुलगा भांडत असले की तिसऱ्याने हातातलं काम सोडायचं नाही.

सासूबाई कॉम्प्युटरसमोर ताठ बसल्या होत्या. पडद्यावर हिरवी पट्टी झळकत होती: अभिनंदन, आपली बोली मान्य झाली आहे. पट्टीखाली हॉटेलचं नाव, चार चांदण्या, आणि नकाशावर एक लाल ठिपका. तो शहराच्या बाहेर, विमानतळाच्या कुंपणाला टेकलेला. ठकीला मंगळवारी सकाळी नऊला ज्या दवाखान्यात न्यायचं होतं तो शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. मध्ये सव्वीस किलोमीटर. पैसे कार्डातून कापले गेले होते, आणि असल्या खोल्यांचे पैसे परत मिळत नाहीत, हे या घरात सहा वर्षांच्या ठकीलाही ठाऊक होतं.

“तिथे फोर स्टार हॉटेल नाही,” सासूबाई म्हणाल्या. मग पडद्याकडे बघून त्यांनी स्वतःच दुरुस्ती केली. “नव्हतं.”

मुलगा चष्म्याच्या दुकानात काचा बसवायचा. अर्धा मिलिमीटर इकडचा तिकडे झाला तर माणसाला चक्कर येते, हे तो घरातही वारंवार सांगत असे. त्याचं म्हणणं, हा जुगार आता पुरे. उरलेल्या सहा फेऱ्यांना स्टेशनसमोरचं लॉज घ्यायचं. दर ठरलेला, दवाखाना पायी पंधरा मिनिटांवर, डोक्याला ताप नाही. आणि लॉजचं भाडं झेपणार नसेल तर पंधरा दिवसांऐवजी महिन्यातून एकदा जायचं.

शेवटचं वाक्य त्याने सहज बोलून टाकलं. सुनेच्या हातातली बॅटरी मात्र टेबलाखाली घरंगळत गेली.

ठकीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वर्षापूर्वी तिचं ऑपरेशन झालं, कानाच्या आत एक तार बसली, कानामागे एक यंत्र आलं. लोकांना वाटलं, झालं, पोरगी आता ऐकणार. पण आवाज आत पोचणं वेगळं आणि तो कशाचा हे कळणं वेगळं. दाराची घंटा आणि बाबांची शिंक तिला एकच वाटायची. हे शिकवणाऱ्या बाई त्या मोठ्या शहरातच होत्या. दर पंधरवड्याच्या सोमवारी दुपारी एक तास, मंगळवारी सकाळी पाऊण तास, आणि मधल्या संध्याकाळी आईने खोलीत बसून सराव घ्यायचा. अशा चौदा फेऱ्या. बाईंनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. पंधरा दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर शिकलेलं पुसलं जाईल. आणि सरावाची खोली अशी हवी की टाचणी पडली तरी ऐकू यावी.

पहिल्या फेरीला तिघी स्टेशनसमोरच्या याच लॉजमध्ये उतरल्या होत्या. खाली बसस्टँड, भिंतीपलीकडे टीव्ही, बाथरूमचा नळ रात्रंदिवस ठिबकणारा. सून ठकीच्या पाठीमागे बसून कानाशी शब्द म्हणायची आणि तेवढ्यात खाली एखादी बस भोंगा वाजवायची. वीस मिनिटांनी ठकीने यंत्र काढलं, आईच्या पर्समध्ये ठेवलं आणि पर्सची चेन लावून टाकली. त्या संध्याकाळी सून पलंगाच्या कडेला बसून रडली. सासूबाई रडल्या नाहीत. त्यांनी खोलीच्या फरशीवर पाय आपटून बघितला, भिंत बोटाने वाजवून बघितली आणि म्हणाल्या, “हिला गालिचा पाहिजे. गालिचा म्हणजे फोर स्टार.”

सुनेला वाटलं, सासूबाईंचं डोकं फिरलं. फोर स्टारच्या एका रात्रीत त्यांच्या घराचा आठवडा निघायचा.

पण सासूबाईंना हॉटेलं बाहेरून नाही, आतून माहीत होती. सव्वीस वर्षं त्या एका मोठ्या लॉन्ड्रीत होत्या. अकरा हॉटेलांचा माल तिथे यायचा. एका खोलीमागे दोन चादरी आणि चार अभ्रे, या हिशोबाने गठ्ठे मोजता मोजता त्यांना कुठलं हॉटेल भरलंय आणि कुठल्यात माश्या उडताहेत हे तिथल्या मालकाच्या आधी कळायचं. लॉन्ड्रीत त्यांना सगळे चादरमावशी म्हणत. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून नोकरी सोडली तरी नाव राहिलं. जाता जाता एका हॉटेलच्या मॅनेजरने त्यांच्याजवळ रडगाणं गायलं होतं: खोल्या रिकाम्या पडतात, उघड स्वस्त केल्या तर नाव जातं, म्हणून आम्ही त्या एका साइटवर नाव झाकून विकतो, गिऱ्हाईक म्हणेल त्या भावात. त्याला वाटलं, म्हातारी ऐकतेय आणि विसरेल.

लॉजहून परत आल्यावर सासूबाईंनी मुलाकडून माउस धरायला शिकून घेतलं. पहिले चार दिवस बाण पडद्याबाहेर जायचा आणि त्या टेबलावर शोधायच्या. पाचव्या दिवशी त्या साइटवर होत्या.

तिथली रीत अशी. गिऱ्हाइकाने शहराचा भाग निवडायचा, किती स्टार ते सांगायचं आणि आपला भाव टाकायचा. हॉटेलचं नाव दिसत नाही. भाव पटला तर पैसे आधी कापतात आणि मग नाव सांगतात, माघार नाही. पटला नाही तर एक दिवस पुन्हा विचारता येत नाही. मात्र आणखी एक भाग जोडला तर त्याच दिवशी पुन्हा विचारता येतं.

ही शेवटची अट सासूबाईंनी तीनदा वाचली. मग चष्मा काढून पुसला आणि सुनेला हाक मारली. लोक आपापल्या लागलेल्या बोल्या एका पानावर लिहून ठेवत, ते पान त्यांनी आठवडाभर वाचलं होतं. त्यावरून त्यांनी ताडलं होतं की त्या शहराच्या आठ भागांपैकी तीन भागांत फोर स्टार हॉटेलच नाही: नदीकाठ, प्रदर्शनाचं मैदान आणि विमानतळ. त्यांनी त्यांना नाव दिलं पोकळ भाग. म्हणजे असं की दवाखान्याजवळचा मधला भाग मागायचा. नाही म्हणाले की नदीकाठ जोडायचा. तिथे फोर स्टार नाहीच, तेव्हा खोली लागली तर ती मधल्या भागातच लागणार. पुन्हा नाही म्हणाले तर मैदान जोडायचं, मग विमानतळ. एका दिवसात एकाऐवजी चार वेळा विचारायचं, आणि धोका काही नाही.

“हे बेकायदा तर नाही ना हो?” सुनेने विचारलं होतं.

“त्यांनीच दार उघडं ठेवलंय,” सासूबाई म्हणाल्या. “मी फक्त आत गेले.”

पण चार वेळा विचारायचं ते कुठल्या भावाने, हा खरा प्रश्न. स्वतःच्या गावात असत्या तर गठ्ठ्यांवरून त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. त्या शहरातल्या चादरी कोण मोजणार? सासूबाईंनी त्यांच्या लॉन्ड्रीला पावडर विकणाऱ्या साबणवाल्याला गाठलं, त्याच्याकडून त्या शहरातल्या एका लॉन्ड्रीचा नंबर घेतला आणि तिथल्या व्हॅनवाल्याला फोन लावला. व्हॅनवाला आधी संशयाने बोलला. बाई कोण, कशाला विचारते. मग बोलता बोलता त्याने सांगितलं की एका हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलांवर गंजाचे डाग पडलेत आणि मालक ते त्याच्या पगारातून कापणार आहे. सासूबाईंनी लिंबू, मीठ आणि उन्हाची तिरीप यांचा प्रयोग समजावून सांगितला. डाग निघाले. तेव्हापासून दर फेरीआधी शुक्रवारी दुपारी व्हॅनवाला फोन उचलला की आधी म्हणायचा, बोला मावशी, आणि मग या आठवड्यात कुठल्या हॉटेलचा माल हलका येतोय ते सांगायचा. त्या बदल्यात त्याला एका डागावरचा उपाय मिळायचा. लिपस्टिक, आयोडीन, बुटाचं पॉलिश. सुनेला तर आताशा शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्याही कुणाच्या शर्टावर शाई दिसली की उपाय आठवायचा.

भाव टाकण्याचीही सासूबाईंची पद्धत होती. गोल आकडा कधी टाकायचा नाही. गोल आकडा घाबरलेला माणूस टाकतो, असं त्यांचं मत. तीन हजार नाही, तीन हजार एक. जाहीर दराच्या चाळीस टक्क्यांपासून सुरुवात, मग तीन-तीन टक्क्यांनी वर. शुक्रवारी नाही लागली तर शनिवारी पुन्हा चार वेळा, रविवारी पुन्हा चार वेळा. एकदा रविवारी दुपारपर्यंत खोली नव्हती. बॅग भरलेली, गाडीची तिकिटं काढलेली, मुलगा येरझाऱ्या घालतोय आणि सासूबाई लसूण सोलत बसलेल्या. “आता त्यांना माझ्यापेक्षा जास्त घाई असेल,” असं म्हणून त्यांनी पाच वाजता हात धुतले, साडेतीन हजारांच्या वर एक टाकला आणि खोली घेतली.

अशा सहा फेऱ्या झाल्या होत्या. सहाही खोल्या निम्म्याहून कमी भावात, दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा. एका खोलीत तर पियानो होता. ठकीने त्याची सगळ्यात डावीकडची पट्टी दाबली आणि ती कितीतरी वेळ तिथेच कान लावून उभी राहिली. नात्यागोत्यात बातमी पसरली. कुणी दूरची वहिनी फोन करायची, चादरमावशी, आमच्या यांना सहलीला जायचंय, जरा आमच्यासाठी टाका ना. सासूबाई दोन-तीन प्रश्न विचारायच्या आणि बहुतेकांना सांगायच्या की सरळ उघड दराने घ्या, तुम्हाला खिडकीतून काय दिसतं याची काळजी आहे, तुमच्यासाठी हे नाही.

आणि आज आठव्या फेरीला, चौथ्या विचारणीला, पोकळ म्हणून जोडलेला विमानतळ पोकळ निघाला नाही.

सुनेने खाली वाकून बॅटरी शोधली. ती वर येईपर्यंत खोलीतला सूर बदलला होता. सासूबाईंनी ब्लाउजमधून पाकीट काढलं, त्यातलं कार्ड मुलासमोर ठेवलं आणि म्हणाल्या, “घे. तुझंच आहे.” मुलालाही हे अपेक्षित नव्हतं. भांडायला आई समोर हवी ना. तो कार्ड घेऊन दुकानात निघून गेला आणि जाता जाता सांगून गेला की लॉजचं तो बघेल. सासूबाई वाळत घातलेले कपडे काढायला गेल्या. संध्याकाळपर्यंत घरातला प्रत्येक रुमाल चौकोनी घडीत होता, आणि व्हॅनवाल्याचा फोन दोनदा वाजून बंद झाला.

पैसे गेलेच होते, तेव्हा सोमवारी तिघी त्याच हॉटेलात गेल्या. दवाखान्यातून दोन बस बदलून. शेवटच्या बसमध्ये त्यांच्याखेरीज फक्त बॅगा घेतलेली माणसं होती. हॉटेल कोरं करकरीत, दाराच्या मुठीवरचा प्लास्टिकचा कागदही अजून निघाला नव्हता. सून मनात म्हणाली, आता विमानं डोक्यावरून जाणार, सरावाचं वाटोळं. खोलीत शिरून तिने दार लावलं आणि थबकली. खिडकीबाहेर एक विमान उठत होतं, पोट दिसेल इतकं जवळ, आणि खोलीत त्याचा आवाज म्हणून नव्हता. काचेच्या आत काच, तिच्या आत आणखी एक. विमानतळाशेजारी हॉटेल चालवायचं तर हे करणं त्यांना भागच होतं.

पाच वाजता सराव सुरू झाला. ठकी खिडकीकडे तोंड करून बसली, मागून सून एकेक शब्द हळू म्हणू लागली. आजवर दोन हातांवरून दहातले चार-पाच शब्द ओळखले म्हणजे मोठी मजल. आज सासूबाई म्हणाल्या, मागे सरक. सून मागे सरकली. आणखी. सून दाराला टेकली. साबण. चावी. पाऊस. ठकीने दहातले पहिले सात बरोबर सांगितले. आठव्याला ती गोंधळली, तिने हात वर केला, थांब म्हणाली आणि बसल्या जागी मान तिरकी केली.

“आजी,” ती म्हणाली, “तुझं नाक वाजतं.”

खोलीत खरोखरच दुसरा आवाज नव्हता. सुनेने कान दिला तेव्हा तिलाही ऐकू आलं: सासूबाईंच्या श्वासात एक बारीक शिट्टी होती. बारा वर्षं एका घरात राहून तिने ती कधी ऐकली नव्हती. सासूबाईंनी नाकावर हात ठेवला. मग काढला, म्हणजे पोरीला ऐकू यावं.

मंगळवारी पहाटे सून उठली तेव्हा सासूबाई पलंगावर नव्हत्या. त्या हॉटेलच्या मागच्या बाजूला सापडल्या, कचऱ्याच्या पिंपांपलीकडे, भिंतीतून वाफ फेकणाऱ्या एका जाड नळीकडे बघत. “हे घरीच धुतात,” त्या म्हणाल्या. बस, एवढंच. सुनेला कळायला क्षणभर लागला. महिन्याभरापूर्वी उघडलेलं हॉटेल, लॉन्ड्री स्वतःची, म्हणजे व्हॅनवाल्याच्या गाडीत याचा एकही गठ्ठा चढत नव्हता. ज्या हॉटेलची चादर बाहेर पडत नाही ते सासूबाईंना दिसणार कुठून? आतून एक इस्त्रीवाली चहा घेऊन बाहेर आली. सासूबाईंनी आधी तिच्या हातावरच्या भाजल्याची चौकशी केली, मग इस्त्रीचा रोलर कुठल्या बनावटीचा ते विचारलं, आणि चहा संपायच्या आत शहरातली आणखी कुठली हॉटेलं घरी धुतात ते काढून घेतलं. दोन होती. दोन्ही त्यांनी तिकिटाच्या मागे टिपली.

मग सात वाजता निघालेली टॅक्सी पुलावर अडकली. दवाखान्यात पोचेपर्यंत साडेनऊला पाच कमी. पाऊण तासातली वीस मिनिटं हाती राहिली. शिकवणाऱ्या बाई कडक होत्या. वेळ पाळायची नसेल तर ही जागा दुसऱ्या मुलाला देते, असं त्यांनी ठकीसमोर सुनावलं. सून कालच्या सातची गोष्ट सांगायला गेली, पण बाईंनी घड्याळ दाखवलं.

घरी आल्यावर सासूबाईंनी पाणीसुद्धा न पिता मुलाला सगळं सांगितलं, जसं लॉन्ड्रीत फाटलेली चादर मुकादमासमोर पसरून दाखवावी तसं. टॅक्सीला इतके गेले. म्हणजे खोली स्वस्त पडली नाही. पंचवीस मिनिटं बुडाली. बाई रागावल्या, ठकीचे सात ऐकूनही घेतले नाहीत. घरी धुणारी हॉटेलं असतात हे त्यांना सव्वीस वर्षं माहीत होतं आणि तरी त्यांनी ती धरली नाहीत. “चूक माझी,” त्या म्हणाल्या. “तू म्हणतोस तसं लॉज बरं. निदान वेळेवर तरी पोचाल.”

मुलगा भांडायला तयार होऊन बसला होता. त्याने विचारलं, सात म्हणजे दारापासून? ठकी त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली आणि त्याचा श्वास ऐकू लागली. मग तिने निकाल दिला की बाबांचं वाजत नाही. मुलगा हसला, पण डोळे त्याने दुसरीकडे वळवले. तरी तो म्हणाला की लॉज त्याने सहाही फेऱ्यांसाठी सांगून ठेवलंय, आता जे झालं ते झालं, नळ दुरुस्त केलाय म्हणतात. जमेल तेवढा सराव करायचा.

सासूबाईंनी मान डोलावली. सुनेला त्यांची ती मान बघवेना. या बाईने एका अनोळखी शहरातल्या मळक्या चादरींवरून तिच्या लेकीला गालिचे मिळवून दिले होते. एकदा गठ्ठा चुकला, तर तो का चुकला हे शोधायला पहाटे उठून पिंपांमागे जाऊन उभी राहिली. आणि आता ती लॉज बरं म्हणत होती. सुनेला अजून आपलं बोलणं जुळवायचं होतं.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातून तिने जेवणाच्या सुट्टीत तीन फोन केले. पहिला शिकवणाऱ्या बाईंना. दारापासून दहातले सात हे तिने शब्दांच्या यादीसकट सांगितलं आणि पुढल्या वेळी पावणेनऊला दारात असू असं कबूल केलं. खोली कशी होती ते बाईंनी बारकाईने विचारलं आणि म्हणाल्या, तशीच बघा. दुसरा फोन लॉजला. तिसरा व्हॅनवाल्याला, ज्याने आधी मावशी कुठे आहेत ते विचारलं आणि मग सांगितलं की कॉफीच्या एका डागाने त्याचा जीव खाल्लाय.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले. सुनेने आधी ठकीला वाढलं, मग सासूबाईंना, मग नवऱ्याला, आणि स्वतः बसल्यावर सांगितलं.

“लॉज मी रद्द केलंय. उरलेल्या सहा फेऱ्या पंधरा दिवसांनीच होणार. खोली आई लावतील, कार्ड माझ्या पगाराचं. विमानतळ आता पोकळ नाही, म्हणजे दिवसाला तीनदाच विचारता येईल. तीनदा पुरे.”